अप्पा आणि शेट एका मोटारीत

आमच्या भिशीतल्या बायका हल्ली दुबई-सिंगापूरला जाऊन येतात आणि येऊन सांगतात काय, तर तिथले रस्ते किती गुळगुळीत. रस्तेच सांगायचे तर मीही सांगू शकते. मी वैरागला गेले होते. बार्शीला गेले होते. केमलासुद्धा. तुमच्यापैकी कुणी तिकडे फिरायला म्हणून गेलेलं नसणार, मीही फिरायला गेले नव्हते. मला पाठवलं होतं, आणि तेही माझी मोटार घरी ठेवून.

चौऱ्याहत्तर साल होतं. पेट्रोल असं महागलं की मोटार असलेल्या माणसांचीसुद्धा झोप उडाली. सोलापुरातल्या ज्या सरकारी कचेरीत मी होते (नाव कशाला सांगू, त्यातली माणसं अजून लग्नकार्यात भेटतात) तिनं एक योजना काढली. मोटारीतून एकट्या माणसानं येऊ नये. दोघातिघांनी मिळून यावं, नाहीतर बसनं यावं, सायकलनं यावं. कचेरीत काम असलेल्या बाहेरच्या लोकांनाही हे लागू. ज्याच्या गाडीत तीन किंवा जास्त माणसं असतील त्याची गाडी आवारातल्या मोठ्या कडुलिंबाखाली उभी राहील. एकटा येईल त्याची गाडी दक्षिणेच्या भिंतीलगत, उन्हात. दंड नाही, सक्ती नाही, फक्त सावली. सोलापूरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला या योजनेतला जोर लगेच कळेल. चैत्रात दुपारी त्या भिंतीलगतच्या गाडीत बसायचं म्हणजे तापलेल्या तव्यावर पाट मांडून बसायचं.

या योजनेच्या प्रमुख होत्या आमच्या बाईसाहेब. म्हणजे मीच. वय सव्वीस, डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्याला रेशमी रुमाल. सोलापुरात मोटार चालवणाऱ्या बायका तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पहिलं बोट आपलंच अशी बाईसाहेबांची ठाम समजूत. रस्त्यानं जाताना हॉर्न असा वाजवायची की म्हशी बाजूला होत नसत, पण माणसं वळून बघत. तिला तेवढंच हवं असे.

आणि ही योजनाप्रमुख रोज कचेरीत यायची कशी? मोटारीतून. एकटी.

आता प्रमुखाचीच गाडी उन्हात उभी, हे बरं दिसेना. मग बाईसाहेबांनी डोकं चालवलं. सासूबाईंना आणि शेजारच्या काकूंना गाडीत घालून कचेरीच्या फाटकातून आत आणायचं, लिंबाखाली गाडी लावायची आणि दोघींना टांग्यानं परत पाठवायचं. सासूबाईंची हरकत नव्हती. फुकटात फिरणं होत होतं आणि टांग्यातून येताना त्या भाजी घेऊन येत. चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"त्या नऊवारीतल्या बाई कोणत्या खात्यात आहेत?" त्यांनी विचारलं. "रोज वेळेवर येतात म्हणून विचारतो."

मी रुमालाची गाठ सोडून परत बांधली.

साहेब रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "बाई, महिना झाला. लिंबाखाली शिपायाची सायकल आणि तुमच्या सासूबाई, याशिवाय काही आलेलं नाही. सोमवारी समितीची बैठक आहे, सभासद योजना गुंडाळायला टपलेत. बार्शी-वैरागकडून दर सोमवारी किती तरी गाड्या येतात आणि एकेका गाडीत एकेक माणूस बसलेला असतो. तिकडे जा. सोमवारी एक तरी गाडी खऱ्या माणसांनी भरून आणा. तीन माणसं. जमलं तर योजना राहील. नाही जमलं तर योजना बंद, आणि तुम्ही परत आवक-जावकच्या टेबलावर."

"जाते साहेब. सकाळी मोटारीनं निघते आणि—"

"बसनं," साहेब म्हणाले.

शनिवार, वैराग

एस. टी.त मी कॉलेज सुटल्यापासून बसले नव्हते. इस्त्रीची पांढरी साडी, गॉगल, रुमाल, असा जामानिमा करून बाईसाहेब चढल्या आणि दोघांच्या बाकावर खिडकीशी बसून शेजारी आपली पिशवी ठेवली. पाकणीकडची एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन आली.

"एकलीच हाईस व्हय?"

"हो आजी, एकटीच."

"मग ही कोन बसलीया?" तिनं पिशवीकडे बोट केलं. "हिचं तिकीट काढलंस का?"

सगळी बस हसली. मी पिशवी मांडीवर घेतली. म्हातारीनं कोंबड्यांची पाटीही अर्धी माझ्याच मांडीवर टेकवली आणि बार्शी नाक्याच्या पुढे गाडी निघाली तशी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेली. तिच्या डोक्याला खोबरेल आणि धुराचा वास होता. रानं रिकामी झाली होती. काळ्या मातीवर कडब्याच्या गंजी तेवढ्या उभ्या आणि बांधाला बाभळी. मोटार चालवताना मला यातलं काही दिसत नसे. मी हॉर्नमध्ये गुंतलेली.

वैरागला एक डॉक्टर होते. दर सोमवारी सोलापूरच्या दवाखान्यात त्यांची पाळी असे आणि ते फटफटीवरून जात. मी राष्ट्रहिताचं भाषण सुरू केलं. ते पाठ करून आणलं होतं. डॉक्टरांनी हात वर केला.

"बाई, राष्ट्राचं नंतर बघू. त्या फटफटीनं माझ्या पाठीचा भुगा केलाय. कुणाची मोटार येत असेल तर मी आजच दारात उभा राहतो. मोटार कुणाची?"

तेच तर नव्हतं. माणूस मिळाला, मोटार नव्हती. डॉक्टरांच्या बायकोनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही. आमच्याकडे चटणी ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर असते. इथे चटणी मधोमध डोंगरासारखी आणि बाकीचं सगळं तिच्या आसऱ्याला. तीन वेळा पाणी पिऊन मी पुढे बार्शीला गेले.

बार्शीत माझी मावशी राहायची. आणि बार्शीतच, भुसार बाजारात, एकमेकांच्या समोर दोन आडत दुकानं होती. एक शिवलिंगअप्पांचं, एक रतिलालशेटांचं. दोघंही तुरीचे व्यापारी, दोघांच्याही मोटारी, दोघंही दर सोमवारी सोलापूरला जाणारे, आणि दोघंही एकटे. समोरासमोर दुकानं, मागेपुढे घरं! बाईसाहेबांनी नकाशावर बघून आधीच ठरवून टाकलं होतं. यांच्याइतकी सोयीची जोडी उभ्या जिल्ह्यात नाही.

अप्पा गादीवर बसले होते, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. त्यांच्या घरी कानडी, दुकानात मराठी.

"या की अव्वा. बसा. मोटारीत दुसरा माणूस घ्यायचा? घेऊ की. कोन?"

"समोरचे रतिलालशेट."

अप्पांनी हातातली तूर पोत्यात परत टाकली. "बेड," ते म्हणाले. मला कानडी येत नाही, पण त्यांची मान बघून 'नको' एवढं कळलं. "माझी गाडी जरा आवाज करते बगा. शेटला तरास होईल."

मी रस्ता ओलांडून समोर गेले. रतिलालशेटांनी चहा मागवला.

"बेन, कल्पना एकदम उत्तम. फक्त अप्पांना पान लागतं ना, आणि मला तंबाखूच्या वासानं डोकं चढतं."

नंतर मावशीनं सांगितलं की अप्पा पान खातच नाहीत. मावशी हुलग्याचं माडगं ढवळत होती. माझं सगळं ऐकून ती हसायला लागली ती पळी चुलीत पडेपर्यंत.

"अगं खुळे, ते दोघं सोलापुरात तूर विकायला जातात. कुणाला विकतात, हे एकमेकांना कळू नये म्हणून एक पहाटेचा निघतो तर दुसरा आणखी पहाटे. आणि तू त्यांना मांडीला मांडी लावून बसवणार? नकाशात हे लिहिलेलं नव्हतं वाटतं?"

माडगं गरम होतं. मी ते फुंकून प्यायले आणि ठरवलं, आपण आवक-जावकच्या टेबलावर परत जायचं नाही. त्या टेबलाला खिडकी नव्हती.

रविवार, केम

केमला कुंकवाचा कारखाना असलेले एक बापूराव होते. जीप होती आणि तेही सोमवारी सोलापूरला एकटे जातात अशी माहिती होती. बार्शीहून धाकट्या, अरुंद रुळांच्या रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या रेल्वेनं केम. धाकटी रेल्वे इतकी सावकाश चालते की एक गृहस्थ उतरून बांधावर गेले, चालत येऊन परत चढले, आणि कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

केमला पोचल्यावर बापूरावांच्या अंगणातल्या बाकावर बसले. बाकावर कुंकवाचा थर आहे हे उठल्यावर कळलं. पांढरी साडी पाठीमागून रंगपंचमीला निघाल्यासारखी झाली. बापूरावांच्या बायकोनं झटकायला म्हणून ओला हात लावला आणि उरलेली साडीही रंगली.

"जीप?" बापूराव म्हणाले. "ती तर लग्नापुरती ऱ्हायली. मी आता रेल्वेनं जातो."

"पेट्रोल महागलं म्हणून?"

"त्ये बी हाय. पर खरं सांगू का? जीपमदी येकांद्याला घेतलं की त्यो मिंधा हुतो. आन् त्यो मिंधा झाला की माझ्याबी डोक्यात हवा जाती. म्हंजी पुढच्या येळंला त्यानं नमस्कार केला न्हाय, तर मला वाटतंया, च्यायला, याला तर मी सोलापूर दावलं! दोन सोयरे तोडले बगा ह्या जीपनं. रेल्वेत कसं, समदे तिकिटाचे. कोन कुणाचं देनं लागत न्हाय."

"मग सोमवारी तुम्ही आमच्या गाडीत—"

"आवो, रेल्वे हाय की!"

म्हणजे बापूराव योजनेत आधीच होते. योजना आमच्या कचेरीला सुचायच्या आधी. त्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता, पण परतीच्या गाडीत मी त्यांच्या बोलण्यावर विचार करत बसले. डब्यातले लोक माझ्या पाठीकडे बघत होते. कुणी तरी एका बाईनं हळूच विचारलंही, "ताई, देवीला गेला हुता का?"

बार्शीला उतरले ती तशीच लाल पाठीनं रतिलालशेटांच्या घरी. शेट ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "गाडी कुणाची हा प्रश्नच नको. एका सोमवारी तुमची, दुसऱ्या सोमवारी अप्पांची. पाळी. कुणी कुणाचा मिंधा नाही."

"बेन, मिंधेपणाचं नाही हो." शेट घुटमळले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "अप्पा उद्या जाणार आहेत का पण?"

"जाणार म्हणजे? जातातच ना दर सोमवारी."

"किती वाजता निघणार, काही बोलले?"

दोन दिवसांचा शीण, साडीचं वाटोळं, डोक्यात आवक-जावकचं टेबल. मी वैतागून बोलून गेले, "ते तुम्ही त्यांच्या गाडीत बसलात की कळेलच की!"

शेट माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी सरळ केली.

"हं," ते म्हणाले. "कुठं जातात तेही कळेल."

आता खरं सांगायचं तर ही युक्ती बाईसाहेबांना सुचलेली नव्हती, त्राग्यानं तोंडातून गळली होती. पण गळली ती उचलायला मी तयार होते. तडक अप्पांकडे गेले. या खेपेला राष्ट्राचं नावही काढलं नाही.

"अप्पा, रतिलालशेट उद्या यायला तयार आहेत. तुम्ही मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसायचं. सकाळपासून सोलापूरपर्यंत ते तुमच्या डोळ्यांसमोर."

अप्पांनी विभूतीवरून बोट फिरवलं. "डोळ्यांसमोर," त्यांनी हळूच म्हणून बघितलं. "गाडी माझी घ्या. पर चालवनार कोन? मी चालवली तर मी शेटचा डायव्हर. शेटनी चालवली तर ते नेतील तिकडं मी जानार."

"मी चालवते," मी म्हटलं.

अप्पा पहिल्यांदाच घाबरलेले दिसले.

सोमवार, सोलापूरकडे

पहाटे दोघंही अंघोळ करून हजर. अप्पांनी गाडीला नारळ फोडला. एरवी ते फोडत नसत, असं त्यांच्या मुलानं मला सांगितलं. बाई चालवणार म्हणून. दोघं मागे बसले, मधे उपरण्यांची दोन गाठोडी, दोघांची तोंडं दोन खिडक्यांकडे. पण डोळे? डोळे आरशात मला दिसत होते. अप्पांनी खिशात हात घातला की शेटांची मान वळायची. शेट खोकले की अप्पा सावध.

वैरागला डॉक्टर दारातच उभे होते. ते पुढे बसले आणि लागलीच गप्पा सुरू.

"वा, काय आराम आहे! अप्पा, तुम्हाला सोलापुरात कुठं उतरायचंय?"

मागे दोघांनी आपापलं गाठोडं जवळ ओढलं.

"आधी शेटना सोडा," अप्पा म्हणाले.

"छे छे, अप्पा वडील आहेत. आधी त्यांना," शेट म्हणाले.

मी गाडी बरी चालवत होते, असं मला तरी वाटतं. एका वळणावर बैलगाडीला चुकवताना मागून "मल्लय्या!" आणि "अरे प्रभू!" असं एकदमच ऐकू आलं. दोघांचं कुठल्या तरी गोष्टीवर एकमत झालेलं ते पहिलंच.

सोलापूर जवळ आलं तशी मी कोण कुठं उतरणार ते मोजायला लागले. इतका वेळ लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. डॉक्टर दवाखान्यात उतरणार. अप्पा पेठेत उतरणार. शेट पेठेत उतरणार. कचेरी त्याच्याही पुढे. म्हणजे साहेब आणि समिती बघणार काय, तर बाईसाहेब परत एकदा एकट्याच, आणि तेही दुसऱ्याच्या मोटारीत! योजना लिहिताना हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लिहिली कुणी होती? मीच.

डॉक्टरांना म्हटलं, आधी कचेरीत आलात तर? ते म्हणाले, "बाई, व्हरांड्यात माणसं बसली असतील हो." त्यावर बोलण्यासारखं नव्हतं. दवाखान्याच्या दारात त्यांना सोडलं. उरलो तिघं. तीन पुरे होते, पण आता पेठ आली.

पेठेच्या तोंडाशी मी गाडी हळू केली. "अप्पा?"

"चला पुढं."

"शेट?"

"चला चला, इथं काही नाही."

पेठेतले हमाल पोती उतरवत होते, तराजू लागले होते, तुरीचा वास गाडीत येत होता. दोघंही खिडकीकडे न बघता समोर बघत बसलेले. जो आधी उतरेल त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याला कळणार. मी पेठेतून दुसरी फेरी मारली. एका दुकानातून कुणी तरी हात हलवला. दोघांपैकी कुणीही हात वर केला नाही, पण दोघांचे कान लाल झाले. त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं आणि ॲक्सिलेटर दाबला.

अशा रीतीनं बैठकीच्या आधी बार्शीची एक मोटार, आत तीन खरी माणसं, कचेरीच्या फाटकातून आली आणि लिंबाखाली थांबली. व्हरांड्यात साहेब आणि समितीचे सभासद उभे. माझी लाल साडी बघून एक सभासद दचकले.

"अपघात?"

"कुंकू," मी म्हटलं.

साहेबांनी अप्पा आणि शेटना नमस्कार केला. "आपलं इकडे काही काम?"

"काही नाही, सहज," शेट म्हणाले.

"बसतो की जरा," अप्पा म्हणाले.

बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. एक उठायला लागे, तोवर दुसरा टोपी हातात घेई, की पहिला परत बसे. बैठक त्यांच्या देखतच सुरू झाली. जे सभासद योजना बंद करायची म्हणत होते त्यांच्यापैकी एकानं जरा कुत्सितपणे विचारलं, "काय अप्पा, बार्शीहून दुसऱ्याबरोबर यायचं म्हणजे खोळंबाच की?"

मी अप्पांपुढे तिसरा चहा सरकवला.

अप्पांनी शेटांकडे बघितलं. मग म्हणाले, "एकटं आलं की मनाला घोर असतो बगा. शेजारी आपला मानूस बसलेला असला की निर्धास्त. कुटं हाय, काय करतोय, समदं दिसतं."

"अगदी बरोबर," शेट म्हणाले. "मी तर म्हणतो, एकट्यानं येऊच नये."

सभासदांना ते फार भावलं. एकानं 'बंधुभाव' असा शब्दही वापरला. साहेब माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या मिशीखाली काही तरी हलत होतं. योजना राहिली. मीही राहिले.

ते दोघं शेवटी कचेरीतून निघाले ते चालत. खिडकीतून दिसले: रस्त्याच्या कडेनं शेजारी शेजारी, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. कुठं गेले, कुणाला तूर विकली, मला माहीत नाही. संध्याकाळी गाडी न्यायला आले तेही जोडीनं.

पुढच्या सोमवारी शेटांची मोटार सावलीसाठी आमच्याच आवारात आली. आत अप्पा. त्यानंतर अप्पांची, आत शेट. वैरागचे डॉक्टर दोन्हीकडे. चालवायला मी नसले तरी त्यांचं भागू लागलं. नवल म्हणजे त्यांचं बघून बार्शीचे आणखी तीन आडते एका गाडीत यायला लागले. या दोघांचं एवढं काय चालतं ते कळावं म्हणून. मी समितीपुढे अहवाल ठेवला त्यात कारण लिहिलं, 'जनजागृती'.

मग एका सोमवारी बार्शीची गाडी आलीच नाही. मी मावशीला निरोप पाठवून विचारलं. शेट तापानं अंथरुणाला खिळले होते. आणि अप्पा? त्यांची मोटार धडधाकट होती, रस्ता मोकळा होता, शेट घरात अडकलेले. अशी संधी कुठला व्यापारी सोडेल?

मावशी म्हणाली, अप्पा सकाळी शेटांच्या घरी गेले. आधी कपाळावर हात ठेवून ताप खरा आहे का ते बघितलं. खरा निघाला. मग हातपाय धुऊन आले, खाटेशेजारी मांडी घालून बसले आणि शेटांच्या बायकोला म्हणाले, "थंड पानी आना वैनी. पट्ट्या मी ठेवतो. एकट्यानं जाऊन काय करू तितं?"